पॉवर विंडो आणि सेंट्रल लॉकिंग : मोटर बदलण्याआधी रबरी बूट उघडा

एप्रिलमध्ये केलेल्या कामाचा हा डिसेंबरमधला हिशेब. गाडी १३ वर्षांची हॅचबॅक. पॉवर विंडो मूळच्या, सेंट्रल लॉकिंग बाहेरून बसवलेलं. तक्रारी दोन: मागची डावी काच कुठल्याच स्विचवरून हलेना, आणि ड्रायव्हरचं दार लॉक केलं की बाकीची दारं कधी लॉक व्हायची, कधी नाही. गॅरेजने काचेची मोटर आणि लॉकिंगचं अख्खं किट बदलायला सांगितलं. दोन्हींची गरज नव्हती. दोष ड्रायव्हरचं दार आणि बॉडी यांच्यामधल्या रबरी बुटात, म्हणजे दारात जाणाऱ्या वायरींवरच्या रबरी नळीत होता.

हा बूट उघडून न बघताच मोटर बदलायला सांगतात, याचा खरोखर संताप येतो. दार दर वेळी उघडताना तिथली प्रत्येक वायर वाकते. वरचं आवरण शाबूत राहतं, आतलं तांबं तुटतं. म्हणून नुसतं बघून काही कळत नाही. बूट सरकवून एकेक वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढायची. तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते. इथे अशा तीन निघाल्या, आत तांब्याची हिरवी पूड.

पण मागची काच पुढच्या दारातल्या वायरीमुळे का अडावी? मोटरला दोनच वायरी असतात, पोलॅरिटी उलटली की काच वर किंवा खाली. मागच्या स्विचला लागणारा अर्थ (ग्राउंड) बऱ्याच जुन्या गाड्यांत ड्रायव्हरच्या मास्टर स्विचमधून येतो. तो तुटला की मागचा स्विच चांगला असूनही काच ढिम्म. खात्री करायची तर मोटरचा कपलर (वायरींचा प्लग) काढून स्विच दाबा आणि मल्टिमीटर लावा. १२ व्होल्टच्या आसपास आले तर मोटर किंवा काच वर-खाली करणारं मशीन बघा, काहीच आलं नाही तर वायरिंग किंवा स्विच.

लॉकिंगचंही तसंच. ड्रायव्हरच्या दारात पाच वायरींची मोटर, बाकीच्या दारांत दोन वायरींची. पाचपैकी दोन मोटर फिरवतात, उरलेल्या तीन दार लॉक आहे की नाही हे कंट्रोल बॉक्सला कळवतात. या तिनांपैकी एक अर्धवट तुटली की बॉक्सला निरोप कधी पोचतो, कधी नाही. मोटरला करंट जेमतेम एक सेकंद मिळतो, मीटरचा आकडा स्थिर होईपर्यंत तो संपलेला असतो. इथे १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्पच लावावा.

आता पहिल्या दुरुस्तीबद्दलचं मत बदलावं लागलं. तुटलेल्या जागीच सोल्डर करून टेप गुंडाळली होती आणि काम उत्तम वाटत होतं. जुलैत त्याच वायरी पुन्हा तुटल्या, सोल्डर संपतं तिथेच. सोल्डर तारांमध्ये झिरपून वायर कडक करतं, आणि कडक वायर वाकण्याच्या जागी टिकत नाही. दुसऱ्यांदा बुटातला सगळा तुकडा काढून बारीक तारांची मऊ वायर घातली: काचेसाठी १.५ चौरस मिमी, लॉकिंगसाठी ०.७५. एक जोड दाराच्या आत, दुसरा डॅशखाली पायाजवळ. सगळे जोड क्रिम्प करून (धातूची नळी पकडीने दाबून) वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), आणि एकमेकांपासून थोडे पुढे-मागे, म्हणजे गाठ होत नाही. दार पूर्ण उघडून २-३ सेंमी ढील ठेवली. त्यानंतर आजवर एकही तक्रार नाही.

दाराचं आतलं पॅड उघडलंच आहे तर काच सरकते त्या चॅनेलच्या रबरात सिलिकॉन स्प्रे मारा. काच वर जायला ९ सेकंद लागायचे, आता ५ लागतात. तेल किंवा साधं ग्रीस रबराला लावू नका, रबर फुगतं आणि धूळ धरतं. पांढरं लिथियम ग्रीस फक्त मशीनच्या पट्टीला.

पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद मात्र फाडू नका. तो नीट चिकटवला नाही तर पावसात काचेवरून उतरलेलं पाणी दाराच्या तळाशी न जाता पॅडमधून पायाशी येतं. दाराखालची भोकं काडीने मोकळी करा. इथे दोन पूर्ण बुजलेली होती, आणि लॉकिंगच्या मोटरचा स्क्रू गंजायला लागला होता. पॅडच्या पाच-सहा क्लिपा मोडतीलच, त्या आधीच आणून ठेवा.