दहा महिने, सहा हजार किलोमीटर: चांदूर बाजारच्या रस्त्यावर रोड बाईक

मागच्या ऑगस्टात घेतली, आता जून चालू आहे, म्हणजे पावसाळ्याचा शेवट, कपाशीचा हंगाम, थंडी आणि मे महिन्याचं ऊन सगळं तिनं पाहिलं, मीटरवर ६,०१२ किमी झाले. घेताना लय जणांनी विचारलं होतं की सर, खेड्यात असली बारक्या टायरची सायकल टिकते काय, तेव्हा माझ्याकडं उत्तर नव्हतं, आता आहे, म्हणून सविस्तर लिहून राहिलो.

आधी माहिती. मी चांदूर बाजार तालुक्यातला, जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, घरून शाळा १७ किमी, रविवारी परतवाड्याकडं नाहीतर अमरावतीकडं लांब चक्कर. वय ४४, वजन ७४ किलो. सायकल ॲल्युमिनियम फ्रेमची, पुढचा फोर्क कार्बनचा, शिमानो कंपनीचा क्लॅरिस गियर सेट म्हणजे पुढं २ मागं ८ दातेरी चकत्या, केबलवाले डिस्क ब्रेक, वजन ११ किलोच्या आसपास, पंचावन्न हजाराला पडली. याच्याआधी दोनच सायकली माझ्या हातून चालल्या, एक बाबांची १९७८ ची काळी, रॉड ब्रेकवाली, ती अजून घरी आहे आणि वावरात जाते, आणि दुसरी १९९८ मध्ये कॉलेजला असताना अमरावतीत जुनी घेतलेली दहा गियरची रेसिंग. तुलना सगळी या तिघींमधलीच आहे.

आता मुद्द्यावर येतो. मला वाटलं होतं सगळ्यात मोठा फरक वजनाचा पडेल. नाही. सगळ्यात मोठा फरक टायरचा आहे, आणि टायरमध्ये पण तो हवा कमी ठेवण्याचा आहे.

कॉलेजात असताना आमच्या डोक्यात एकच गोष्ट बसलेली, हवा जितकी टाइट तितकी सायकल पळते, अंगठ्यानं दाबलं तर दगडासारखं लागलं पाहिजे. आम्हीच नाही, सगळं रेसिंगवालं जग तेच मानत होतं, ८०-९० च्या दशकात रेसर लोक २० ते २३ मिमीचे टायर वापरायचे आणि त्यात ११०-१२० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरायचे. टायर किती पळतो याचं मोजमाप गुळगुळीत लोखंडी ड्रमवर व्हायचं आणि ड्रमवर खरंच टाइट टायर पुढं निघतो. पण आपला रस्ता म्हणजे डांबरातून वर आलेली गिट्टी. टाइट टायर त्या प्रत्येक खड्यावर सायकलीला आणि वरच्या माणसाला उचलून आपटतो, आणि ती उचलण्याची ताकद तुमच्या पायातूनच जाते ना, ती हात, कंबर, मान हादरवण्यात वाया जाते. नरम टायर खड्याला आपल्या अंगात घेतो आणि पुढं निघतो. हे कळल्यावर मोठे मोठे रेसर २८-३० मिमीवर आले.

माझ्या सायकलीला कंपनीकडून २८ आले होते, मी पहिले तीन महिने ९५ पीएसआय ठेवली, जुनी सवय. शाळेच्या रस्त्यात पाच-सहा किमीचा एक तुकडा असा आहे की उतरल्यावर बोटांना मुंग्या आल्यासारखं व्हायचं. नोव्हेंबरात ३२ चे ट्यूबलेस टाकले आणि मागं ५८, पुढं ५४ वर आलो. पहिल्या दिवशी वाटलं सायकल हळू चालून राहिली, कारण आवाजच नाही, हादरा नाही, पण शाळेत पोचलो तर घड्याळ दोन मिनिटं आधीचं. मग रोज पाहत गेलो, तो फरक कमी-जास्त होत तसाच राहिला. बाबा ओट्यावर बसून पाहत होते, म्हणाले, "मंग आमच्या सायकलचे टायर काय कमी जाड होते काय?" खरं आहे, त्यांचे दीड इंची म्हणजे ३८ मिमी, आणि ते कधीच दगडासारखी हवा भरत नव्हते. अर्थात रबराची जात वेगळी, आजच्या टायरची कापडी वीण कितीतरी बारीक आणि लवचिक असते म्हणून ते रुंद असून पळतात, पण दिशा बाबांचीच बरोबर होती.

आता काटे. हे विदर्भातल्या माणसानं नीट वाचा. ऑगस्ट ते ऑक्टोबर ट्यूबवर असताना मला ११ पंक्चर झाले. सराटे तर आहेतच, पण कुंपणाच्या बाभळीच्या काट्या बैलबंडीवर नेतात, त्यातल्या बारक्या फांद्या रस्त्यावर पडतात आणि मागून येणाऱ्या ट्रॅक्टरखाली चुरा होऊन काटे डांबरात उभे राहतात. ट्यूबलेस टाकल्यापासून आजपर्यंत फक्त दोनदा रस्त्यात थांबलो. काटा घुसला की आतलं दूध, म्हणजे सीलंट, फुसफुस करत बाहेर येतं, चाक दोन-चार फेरे फिरलं की छेद बंद. मार्चमध्ये मागचा टायर काढला तर आतून १४ काट्यांची टोकं मोजली, हे १४ पंक्चर मला कळले पण नव्हते.

पण ट्यूबलेस बसवणं सोपं नाही. टायरची कड रिमला चिकटायला एकदम जोरात हवा लागते, हातपंपानं तासभर मारली, बसला नाही. शेवटी ट्रॅक्टरच्या टायरवाल्या चाचाकडं गेलो, त्याच्या कॉम्प्रेसरनं दोन सेकंदात फाट फाट आवाज करत बसला. तिथं पण एक अडचण, असल्या सायकलीचा वॉल बारीक असतो, मोटरसायकलचं नोझल बसत नाही, त्याला पितळी टोपी लागते, छोटी गोष्ट आहे पण नसली तर गावात कुठंच हवा भरता येत नाही, दोन घेऊन ठेवा. चाचा म्हणे, "सर, आमी तं वॉलट्यूबवाले." पण आता त्यालाच या कामाची आवड लागली, सीलंटची बाटली माझी त्याच्याच दुकानात असते.

आणि उन्हाळा. बाटलीवर लिहिलेलं असतं इतके महिने चालते, ते आपल्याकडच्या ४५ डिग्रीत धरू नका. सायकल शाळेच्या टिनाच्या शेडमध्ये उभी असते, एप्रिलमध्ये दीड महिन्यात आत नुसती वाळलेली साय उरली होती. मार्च ते जून दर महिन्याला उघडून पाहतो आणि थोडं टाकतो. थांबायला लागलेल्या दोन वेळांपैकी एक याच्यामुळंच होती. दुसरी पांदण रस्त्यावर, गिट्टीनं टायरची बाजू चिरली, ते दुधानं बंद होत नाही, आतून जुन्या टायरचा तुकडा लावून ट्यूब टाकून घरी आलो. म्हणून ट्यूबलेस असलं तरी एक ट्यूब सोबत ठेवाच.

जुन्या दहा गियरवालीबद्दल एक सांगून ठेवतो, कारण लय लोकांकडं ती माळ्यावर पडली असेल. तिचे २७ इंची टायर आणि आजचे ७०० चे टायर दिसायला सारखे, पण एकाचा रिम ६३० मिमी, दुसऱ्याचा ६२२. आठ मिलिमीटरचाच फरक, पण एकाचा दुसऱ्याला बसत नाही. नवीन टायर मागवायच्या आधी जुन्याच्या बाजूवरचा आकडा वाचा.

गियर. इथं इतिहास माहीत असला तर आपल्या हातात काय आलं ते समजते. टूर द फ्रान्स ही फ्रान्सची मोठी सायकल रेस १९०३ मध्ये सुरू झाली आणि डिरेलर, म्हणजे चालता चालता चैन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, वापरायची परवानगी मिळाली १९३७ मध्ये. तोपर्यंत मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूला वेगवेगळ्या दातांची फ्रीव्हील, घाट आला की खाली उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून लावायचं आणि मग चढायचं. इटलीच्या तुल्लिओ काम्पान्योलोनं १९३० मध्ये क्विक रिलीज आणलं म्हणजे एका खटक्यावर चाक सुटतं, आज माझ्या सायकलीला तेच आहे. बाबांच्या सायकलीचं मागचं चाक काढायला पान्हा, चैन कव्हर, कॅरिअरची पट्टी, अर्धा तास.

माझ्या दहा गियरवालीला गियरचे दांडे खालच्या नळीवर होते, म्हणजे एक हात हँडल सोडून खाली न्यायचा, आणि खटका नाही, अंदाजानं सरकवायचं, चैन खर खर वाजली की परत थोडं मागं. खड्ड्यांच्या रस्त्यावर, मागून कापसाचा ट्रक येत असताना एक हात सोडणं काय असतं ते ज्यानं केलं त्यालाच माहीत. शिमानोनं १९८४ मध्ये खटक्याखटक्यानं पडणारे गियर आणले आणि १९९० मध्ये ते ब्रेकच्या दांड्यातच घातले. आज माझ्यासारख्या स्वस्त सेटमध्ये पण तेच आहे. माझ्यासाठी हा सोयीचा नाही, जिवाचा प्रश्न आहे, दोन्ही हात हँडलवर आणि नजर रस्त्यावर.

आणि दात पहा. जुनीचा सगळ्यात हलका गियर पुढं ४० मागं २८, पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचे जवळपास दीड. आताचीचा पुढं ३४ मागं ३२, एक फेऱ्याला एकच्या किंचित वर. हा फरक चिखलदऱ्याला कळतो. परतवाड्याहून धामणगाव गढीवरून वर जायचं, चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास. १९९९ मध्ये जुनी घेऊन गेलो होतो, अर्ध्या घाटात उतरून ढकलली, दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला. या जानेवारीत ४४ व्या वर्षी एकदाही पाय न टेकता वर गेलो. पायात ताकद तेव्हाच जास्त होती, खरं सांगतो.

उतरताना ब्रेकचा हिशेब होतो. रॉड ब्रेक ओल्या रिमवर दाबला की आधी पाणी पुसलं जाते, मग धरतो, तोपर्यंत सायकल कुठल्या कुठं. डिस्क पावसात पण जवळपास तशीच धरते. बड्या रेसमध्ये डिस्क ब्रेकला कायमची परवानगी २०१८ मध्ये मिळाली, म्हणजे तिथं पण हे अलीकडचंच. मी तेलवाले न घेता केबलवाले मुद्दाम घेतले कारण तेल बदलायची सोय अमरावतीच्या अलीकडं नाही, केबल मी स्वतः बदलतो. पॅड झिजले की दांडा आत आत जायला लागतो, महिन्यातून एकदा आवळावं लागते. डिस्कला चैनीचं तेल लागू देऊ नका, एकदा लागलं होतं, पॅड फेकावे लागले.

चैनीचं तेल तर मी बंदच केलं. आपल्या काळ्या मातीची धूळ तेलाला चिकटली की पॉलिश पेपर तयार होतो. आता चैन पेट्रोलमध्ये धुऊन, गरम पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून वितळवलेल्या पॅराफिन मेणात बुडवतो, वाळली की कोरडी, धूळ बसतच नाही, अडीचशे-तीनशे किमी चालते, पाऊस लागला तर परत करायची. झीज मोजायला मी वर्गातली फुटपट्टीच वापरतो, नवी चैन आतला-बाहेरचा मिळून एक दुवा धरला तर १२ दुव्यांना बरोबर १२ इंच, दीड-दोन मिमी जास्त भरली की बदलायची. पहिली चैन ३,७०० किमीला बदलली, मागचे दात अजून शाबूत.

सायकल सुधारली तशी चालवण्याची रीत पण सुधारली, आणि हे फुकट आहे, बाबांच्या सायकलीवर पण लागू होते. आपल्याकडं सीट खाली, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, त्यानंच गुडघे जातात. भिंतीला टेकून पायाची आतली लांबी मोजा, तिला ०.८८३ नं गुणा, तेवढं अंतर पायडलचे दांडे जिच्यावर फिरतात त्या मधल्या धुरीपासून सीटच्या वरपर्यंत. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड, ज्यानं १९८९ ची टूर ८ सेकंदांनी जिंकली, त्याच्या नावानं हा हिशेब ओळखला जातो. माझे ८० सेमीचे ७०.६ आले. सीट चार सेमी वर गेली, आठवडाभर पडतो की काय वाटलं, मग गुडघ्याची जुनी कळ गेली ती गेलीच. दुसरं, जड गियर रेटू नका, हलक्यात मिनिटाला ८०-८५ फेरे. तिसरं, भूक लागायच्या आधी खा, दर पाऊण तासाला केळ नाहीतर गूळ-शेंगदाण्याची चिक्की, आणि बाटलीत लिंबू-साखर-मीठ. नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी रेस, जवळपास ४,८०० किमी, एकट्यानं बारा दिवसांच्या आत पूर्ण करून आले. आपल्या उन्हात तयार झालेला माणूस आहे तो, खाण्यापिण्याचा हिशेब नसता तर असलं होतच नाही.

हेल्मेट घालाच. २००३ मध्ये पॅरिस-नीस रेसमध्ये आंद्रे किविलेव्ह पडून गेला, त्यानंतर बड्या रेसमध्ये हेल्मेट सक्तीचं झालं, त्याच्या आधी बरेच जण नुसती टोपी घालून घाट उतरायचे. मी घालून यायला लागल्यापासून शाळेतले सात पोट्टे हेल्मेट घालून राहिले, त्यातल्या चौघांच्या सायकली त्यांच्या आबाजीच्या आहेत.

आता तक्रारी. दुकानातून सायकल आली तेव्हा मागच्या चाकाच्या तारा ढिल्या होत्या, पंधरा दिवसात चाक आऊट, चाचानंच आऊट काढून दिला. ३२ टायर टाकल्यावर फ्रेममध्ये चार-पाच मिमीच जागा उरते, श्रावणात पांदणीनं गेलात तर काळी माती भरून चाक जाम होणार, तिथं बाबांची काळीच पाहिजे, तिच्या मडगार्डात हात जातो. पार्ट मागवला की गावात यायला आठवडा. कॅरिअर लावायला फ्रेमला भोकं नाहीत, वह्यांचा गठ्ठा पाठीवर न्यावा लागते, मे महिन्यात पाठ भिजून वह्या ओल्या होतात, हे घेतानाच पाहायला पाहिजे होतं, तुम्ही पाहा.

मागचा टायर मधून सपाट झाला आहे, ३२ चाच मागवला, तो आला की पेरणीच्या आधी बसवून घेतो. बाबांनी त्यांच्या काळीसाठी पण टायर विचारला आहे, २८ दीड इंचीचा, तो मात्र चांदूर बाजारातच मिळाला.