सेकंड-हँड डर्ट जंप सायकल: आधी टेप लावा, मग पैसे काढा

मराठवाड्यात येणाऱ्या डर्ट जंप सायकली, म्हणजे मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारायच्या सायकली, बहुतेक वापरलेल्या असतात. पुण्या-मुंबईत कुणाची हौस फिटते आणि सायकल ट्रॅव्हल्सच्या डिकीतून संभाजीनगर किंवा लातूरला उतरते. सौदा म्हणून ही सायकल चांगली. एकच गिअर, मागे सस्पेन्शन नाही, बिघडायला फारसं काही नाही. ब्रेक, चेन, पायडल नंतर बदलता येतात. फ्रेमची लांबी बदलता येत नाही, म्हणून फोटोतल्या रंगावर भाळू नये.

सुरुवात चाकापासून. टायरच्या बाजूला ‘२६ × २.२५’ वाचून थांबू नका, शेजारीच ५७-५५९ असा आकडा असतो. ५७ ही टायरची रुंदी आणि ५५९ हा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २४ इंचीला हा व्यास ५०७, २७.५ ला ५८४. आपल्या गल्लीतल्या दुकानात टांगलेला २६ × १ ३/८ चा साधा टायर मात्र ५९० चा, तो या रिमवर बसणारच नाही. दशांशात लिहिलेलं २६ आणि अपूर्णांकात लिहिलेलं २६ ही दोन वेगळी चाकं आहेत, हे लक्षात ठेवलं तर निम्मा घोळ मिटतो. ५५९ चे टायर-ट्यूब स्वस्त एमटीबींमुळे (माउंटन बाइकमुळे) तालुक्याच्या गावीही मिळतात. २४ इंचीत लहान मुलांच्या सायकलीचे मिळतात, पण उडीचा मार सोसणारे रुंद टायर बाहेरूनच मागवावे लागतात.

अक्षरं घासून गेली असतील तर व्हॉल्व्ह अगदी खाली आणून जमिनीवर खडूची खूण करा आणि चाकाचा एक पूर्ण फेरा सरळ ढकला. २६ × २.१ ला अंतर साधारण २०५ सेंमी भरतं, तेवढ्याच रुंदीच्या २४ ला १८८-१८९.

मागे २४ चं चाक बसवून विकलेल्या सायकली नीट पाहाव्यात. रिमची त्रिज्या २६ मिमीने घटते. त्यामुळे बॉटम ब्रॅकेट (पायडलचे दांडे, म्हणजे क्रँक, जिथे फिरतात तो फ्रेमचा भाग) सुमारे १६ मिमी खाली येतो आणि पुढचा चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) जवळपास दीड अंश जास्त कलतो. लिपवर, म्हणजे उंचवट्याच्या वरच्या कडेवर, क्रँक टेकू लागतो आणि हँडल सुस्त वाटतं. उलट २६ च्या फ्रेममध्ये २७.५ कोंबलं असेल तर चेनस्टेच्या (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत जाणाऱ्या नळीच्या) आतल्या बाजूला घासल्याचे चकाकते पट्टे सापडतील. टायर आणि फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी मोकळं हवं. काळ्या मातीच्या भागात त्याहून जास्त, कारण आषाढात ती चिकट माती तेवढी फट दोन फेऱ्यांत भरून टाकते.

चाक उचलून फिरवा. आडवं दोन-तीन मिमी आउट असेल तर मिस्त्री आरे कसून काढून देतो. चाक एका जागी वरखाली उडी मारत असेल तर रिम चेपलेली आहे, तिचे पैसे किमतीतून वजा करा.

आता फ्रेम. ‘मीडियम’, ‘लार्ज’ ही अक्षरं इथे फारशी कामाची नाहीत, कारण सीट तशीही तळाशी असते. बघायचा तो रीच. सपाट फरशीवर सायकल सरळ धरा, हेड ट्यूबच्या (हँडल ज्यात फिरतं त्या पुढच्या नळीच्या) वरच्या तोंडाच्या मध्यावरून गवंड्याचा ओळंबा सोडा आणि त्या दोरीपासून बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापर्यंत आडवं अंतर मोजा. साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाला ३८०-३९५ मिमी, त्याहून उंच, पण पावणेसहाच्या आसपास असलेल्याला ४००-४१५ साधारण जमतं. रीच कमी असेल तर गुडघे हँडलला लागतात, जास्त असेल तर लिपवर पुढचं चाक खेचून वर येत नाही.

चेनस्टेही मोजा. खऱ्या डर्ट जंप फ्रेमला तो साधारण ३८०-३९० मिमी असतो आणि मागचे ड्रॉपआउट (चाकाचा आस बसतो त्या खाचा) बहुधा आडवे असतात. टेप ४२५ दाखवत असेल आणि ड्रॉपआउट उभे असतील, तर ती सीट खाली केलेली साधी एमटीबी आहे. तिच्यावर उड्या मारू नयेत.

फ्रेम वाकडी आहे का, ते सुतळी सांगते. एका ड्रॉपआउटपासून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ती ताणा आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. दोन मिमीहून जास्त फरक असेल तर सोडून द्या. हेड ट्यूब आणि तिथून बॉटम ब्रॅकेटकडे उतरणाऱ्या डाउन ट्यूबच्या सांध्यावर ओलं फडकं फिरवून टॉर्च तिरपी धरा, रंगातली केसाएवढी रेघही तडा असू शकते. क्रोमोलीला (क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाला) चांगला वेल्डर सांधू शकतो. ६०६१ अ‍ॅल्युमिनियमला वेल्डिंगनंतर पुन्हा उष्णता-प्रक्रिया लागते, म्हणून तडकलेली अ‍ॅल्युमिनियम फ्रेम फुकटातही नको.

चिमट्याचा ट्रॅव्हल (दाब आल्यावर तो जितका आत जातो ते अंतर) १०० मिमीच्या आसपास हवा. १४० चा लावलेला असेल तर आधी मोजलेला रीच खोटा ठरतो, कारण पुढचा भाग उचलला गेला की रीच घटतो. सायकल दूर असेल तर विकणाऱ्याकडून तीन फोटो मागवा: टायरवरचा आकडा, ओळंब्यासह टेप आणि चेनस्टेवर टेप.