ऑइलची गळती शोधायला पावडर बरी की यूव्ही डाय?

जुन्या टर्बो डिझेल गाडीत ऑइल गळतं एकीकडे आणि ठिबकतं दुसरीकडे, कारण धावताना वारा ते मागे पसरवतो. म्हणून आधी इंजिन डिग्रीझरने साफ करा. मग टाल्कम पावडर भुरभुरून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, गॅस्केटसारखी उघडी जागा लगेच ओली दिसते. खर्च जवळपास शून्य.

पण टर्बोखालच्या ऑइल रिटर्न पाइपपाशी, म्हणजे टर्बोतलं ऑइल इंजिनात परत नेणाऱ्या नळीपाशी, हात पोहोचत नाही. तिथे डायच, म्हणजे यूव्ही प्रकाशात चमकणारा रंगच हवा. तो ऑइलमध्ये मिसळून गाडी थोडी फिरवायची, अंधारात यूव्ही टॉर्च मारायचा. गळतीची वाट वरपर्यंत चमकते. माझा कौल डायलाच.

ब्रीदर, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर सोडणारी वाट, मात्र दोन्हीच्या आधी तपासा. तो तुंबला की क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पोकळीत) दाब वाढतो, टर्बोतलं ऑइल खाली उतरत नाही, ते टर्बोतूनच गळतं आणि चांगला टर्बो उगाच बदलला जातो.