सहा ते दहा: रेडिओ फोरच्या सोबतीने एक आठवडा

लंडनच्या हॅरो भागातल्या आमच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या कट्ट्यावर एक जुना एफएम रेडिओ आहे आणि बाहेरच्या खोलीत नवा डिजिटल संच आहे. सकाळी सातच्या ठोक्याला दोन्ही चालू असले, तर वेळेचे सहा बीप, पाच आखूड आणि शेवटचा लांब, आधी स्वयंपाकघरात वाजतात आणि काही क्षणांनी तेच बाहेरच्या खोलीत. डिजिटल प्रक्षेपण पोहोचायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे घड्याळ लावायचे ते जुन्या रेडिओवरच. १९२४ पासून हे बीप बीबीसीवर वाजत आले आहेत आणि आमच्या घरी पोह्यांना फोडणी त्यांच्याच हिशेबाने पडते. एरवी माझे ऐकणे डबे भरता भरता होते, पण या वेळी सोमवार ते शनिवार वही जवळ ठेवून बीबीसीच्या रेडिओ फोर या केंद्राची सकाळ ऐकली, कारण ज्या सेवेवर माझा इतका जीव आहे तिच्याविषयी नीट लिहावे असे फार दिवस मनात होते.

सकाळचा कणा म्हणजे ‘टुडे’ हा कार्यक्रम. २८ ऑक्टोबर १९५७ रोजी तो वीस-वीस मिनिटांच्या दोन भागांत सुरू झाला. आता सोमवार ते शुक्रवार सहा ते नऊ आणि शनिवारी सात ते नऊ असा चालतो. दोन निवेदक, ठरावीक अंतराने बातम्या, मध्ये उद्योगजगत आणि खेळ, आणि आठच्या बातम्या संपल्या की साधारण आठ वाजून दहा मिनिटांनी दिवसाची मुख्य मुलाखत. या देशातल्या राजकारणात ‘आठ-दहा’ म्हटले की कशाविषयी बोलणे चालले आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. मंत्री येतो, त्याला पुरेसा वेळ मिळतो, आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती आधीची विधाने तारखांसह असतात. ही तयारी ऐकताना जाणवते आणि तीच मला या कार्यक्रमाची खरी ताकद वाटते.

ही ताकद स्वतःच्या घरातही चालते, याचे उदाहरण १० नोव्हेंबर २०१२ चे आहे. बीबीसीच्याच ‘न्यूजनाइट’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने एका राजकारण्यावर संशय ओढवेल असे चुकीचे वृत्त दिले होते. तेव्हाचे महासंचालक जॉर्ज एन्टविसल यांना जॉन हम्फ्रीज यांनी ‘टुडे’वर इतके सरळ प्रश्न विचारले, की त्याच रात्री त्यांनी पदाचा राजीनामा दिला. आपल्या सर्वोच्च अधिकाऱ्याला आपल्याच सूत्रधाराने असे विचारावे, आणि ते लाखो लोकांनी न्याहारी करताना ऐकावे, हे मला आजही थोर वाटते. त्याआधीची दुसरी आठवण मात्र सावध करणारी आहे. २९ मे २००३ रोजी सकाळी सहा वाजून सात मिनिटांनी इराकच्या शस्त्रास्त्रांविषयी ‘टुडे’चे बातमीदार अँड्र्यू गिलिगन यांनी लिखित मजकुराशिवाय जे सांगितले, त्यातून उठलेल्या वादळाची परिणती न्यायाधीश हटन यांच्या चौकशीत झाली आणि २००४ मध्ये बीबीसीचे अध्यक्ष व महासंचालक दोघांनाही जावे लागले. सहा-सातची वेळ बहुतेकांच्या साखरझोपेची, पण तेवढ्या वेळेत निसटलेल्या शब्दांची किंमत केवढी असते, ते तिथे कळते.

दोष सांगायचा तर मुलाखतीत मध्येच तोडण्याची सवय. टाळाटाळ करणाऱ्याला अडवणे हे सूत्रधाराचे कामच आहे, हे मान्य; पण एखादा शास्त्रज्ञ किंवा दूरच्या युद्धभूमीवरचा डॉक्टर बोलत असतो आणि तो नेमक्या मुद्द्यावर येतो, तेव्हाच ‘वेळ संपली’ हे शब्द येतात. या आठवड्यात माझ्या वहीत अशा चार नोंदी झाल्या. शिवाय भारताच्या बातम्या निवडणूक, दुर्घटना आणि क्रिकेट यांपलीकडे फारशा जात नाहीत, याची चुटपुट मराठी कानाला लागतेच.

पावणेआठच्या सुमारास ‘थॉट फॉर द डे’ असते. तीन मिनिटांत निरनिराळ्या धर्मांचे लोक दिवसाच्या एखाद्या घटनेवर बोलतात. आकाशवाणीवरचे सकाळचे ‘चिंतन’ ऐकत मोठे झालेल्या माणसाला हा प्रकार लगेच आपला वाटतो. कोणताही धर्म न मानणाऱ्यांना मात्र येथे जागा नाही. त्यांनी तशी मागणी केली होती आणि ती फेटाळली गेली. मला ती मागणी रास्त वाटते, कारण नीतीचा विचार त्यांच्याकडेही असतोच.

मात्र ज्यासाठी मी हे सगळे लिहायला बसले, तो भाग नऊला सुरू होतो. ताज्या बातम्यांचा गदारोळ थांबतो आणि मध्ये एकही जाहिरात न येता माणूस एकदम वेगळ्या खोलीत शिरतो. सोमवारी ‘स्टार्ट द वीक’ असते, १९७० पासूनचे. नव्या पुस्तकांचे लेखक आणि विचारवंत एकाच टेबलाभोवती बसून एकमेकांचे ऐकतात. मंगळवारी ‘द लाइफ सायंटिफिक’मध्ये बगदादमध्ये जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ जिम अल-खलिली एखाद्या वैज्ञानिकाला त्याच्या कामाबरोबर त्याच्या आयुष्याविषयीही बोलते करतात. बुधवार माझ्या लक्षात राहत नाही.

आणि गुरुवारी ‘इन अवर टाइम’. ऑक्टोबर १९९८ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला आणि २०२५ पर्यंत मेल्विन ब्रॅग यांनी तो चालवला. एक विषय, तीन प्राध्यापक, पाऊण तास. विषयाला कोणतेही ताजे निमित्त लागत नाही: आज अशोक, पुढच्या आठवड्यात एखादा रासायनिक पदार्थ, त्यानंतर एखादे मध्ययुगीन काव्य. भारतीय गणितावरचा २००६ चा भाग मी कपड्यांच्या घड्या घालताना ऐकला होता. शून्याचा उल्लेख आला आणि हातातली घडी अर्धवटच राहिली, कारण जे शाळेत आम्हाला अभिमानाने पण एका ओळीत सांगितले गेले, ते येथे कोणीतरी टप्प्याटप्प्याने, मतभेदांसह उलगडून दाखवत होते. उपनिषदांवरचा २०१२ चा भागही असाच पुन्हा पुन्हा ऐकण्याजोगा आहे. ब्रॅग अभ्यासकांनाही तोडत, पण ते विषय पुढे नेण्यासाठी. ऐकणाऱ्याला कठीण गोष्ट समजेल, फक्त ती नीट सांगितली पाहिजे, असा विश्वास हजाराहून अधिक भागांत टिकवणे सोपे नाही. मराठीत इतके अभ्यासू लोक असताना असा साप्ताहिक पाऊण तास आपल्याही कोणत्या तरी केंद्रावर का होऊ नये, हा प्रश्न दर गुरुवारी मला पडतो आणि मी तो अगदी मनापासून विचारते आहे.

दहाला ‘विमेन्स आवर’ लागते, तोवर मी बहुधा कामावर निघालेली असते. १९४६ मध्ये ते सुरू झाले तेव्हा त्याचा पहिला निवेदक पुरुष होता, ही गोष्ट मी माझ्या मुलीला सांगितली, तर तिचा विश्वासच बसला नाही.

रेडिओ ऐकण्यासाठी ब्रिटनमध्ये १९७१ पासून परवाना लागत नाही. महाराष्ट्रातल्या वाचकांना ‘टुडे’ थेट ऐकायचे असेल, तर बीबीसीच्या संकेतस्थळावर हिवाळ्यात आपल्या साडेअकराला आणि उन्हाळ्यात साडेदहाला लावावे; ‘इन अवर टाइम’साठी घड्याळाकडे पाहण्याची गरज नाही, तो पॉडकास्ट म्हणून मिळतो. सुरुवात भारतीय गणितापासून करावी, आणि त्या वेळी हाती घड्या घालायचे कपडे नसावेत.