विंडोज अकरा टाकून घेतलं, अक्षरं शाबूत राहिली

आधी पैशाचं सांगते, कारण सगळे तेच विचारतात. कॉम्प्युटरवर विंडोज दहाच्या जागी अकरा टाकून घ्यायचे एका मशीनचे अठराशे रुपये, आणि बॅकअपसाठी एक टीबीची बाहेरची डिस्क आपली आपण न्यायची. बिल देतात, पण मागावं लागतं. दुकान सोलापुरात, नवी पेठेच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. जिना असा अरुंद की कॅबिनेट घेऊन चढताना वरून कोणी उतरायला लागलं तर दोघांपैकी एकाने माघार घ्यायची. नाव लिहीत नाही. दुकान चालवणाऱ्या पोरानंच हात जोडलेत, "अक्का, नाव तेवढं टाकू नका, आताच घरी जायला रात्रीचे दहा वाजायलेत."

माझं काम पत्रिकांचं. अशोक चौकाच्या अंगाला छोटं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर मांडून छपाईला तयार करायचं, दुकान आहे, सतरा वर्षं झाली. सोलापुरातली लग्नपत्रिका हे काय प्रकरण असतं ते पुण्याच्या माणसाला पटकन कळत नाही. वरचं पान मराठी, आतलं तेलुगू, आणि सोयरीक अक्कलकोट किंवा इंडीकडची असेल तर एक मजकूर कन्नडमध्ये. मला तेलुगू वाचायला अजून अक्षर अक्षर जुळवावं लागतं, पण टाइप मात्र झरझर होतं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर 'क'ची कळ मराठीत जी, तीच तेलुगूत, तीच कन्नडात. बोटं मराठी चालतात, पडद्यावर तेलुगू उमटतं. हे सगळं उभं असतं फॉन्टवर, कीबोर्डच्या सेटिंगवर आणि माझ्या हाताला बसलेल्या शॉर्टकटवर. डिझाइनच्या फायली ही त्यातली निम्मी गोष्ट झाली.

हे मला २०२० मध्ये कळलं, ते पण रडून.

त्या वर्षी १४ जानेवारीला विंडोज सातचा सपोर्ट संपला, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट बंद झाले. इकडे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची गर्दी, तिकडे लग्नाची घाई. तेव्हा दुसऱ्या एका दुकानात मशीन दिली होती. त्यांना मी तीनदा विचारलं, बॅकअप घेतला का? तिन्ही वेळा उत्तर आलं, "सगळं घेतलंय मॅडम, डी ड्राइव्हला हात पण लावला नाही." खोटं नव्हतं ते. डी ड्राइव्ह जसाच्या तसा होता, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सही कॉपी केलेले. सी ड्राइव्ह फॉरमॅट मारून त्यावर विंडोज दहा घातलेलं.

घरी आणून पहिली पत्रिका उघडली तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याचं चिन्ह, उलटा स्वल्पविराम असली खिचडी. आपले जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःची जागा देणारे, नाहीत. त्यांनी इंग्रजी अक्षरांच्याच घरात मराठी अक्षरं बसवलेली असतात. फॉन्ट काढून घेतला की घरमालक बाहेर येतो. फॉन्ट सी ड्राइव्हवर होते, म्हणजे गेले. मराठीचे एकाकडून दुसऱ्याकडून मिळवले. तेलुगूचा एक फॉन्ट काही केल्या मिळाला नाही. एका गिऱ्हाइकाची पत्रिका मी छापील प्रतीवरून परत टाइप केली आणि नवरदेवाच्या आजीला दुकानात बसवून ओळ न ओळ वाचून घेतली. आजींनी आधीच्या पत्रिकेतल्याही दोन चुका काढल्या, ते वेगळं.

कोरल ड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्राममधली मी सात-आठ वर्षं लावत आणलेली टूलबारची मांडणी गेली. फोटोशॉपच्या ॲक्शन गेल्या. नवरा-नवरीच्या फोटोचा मागचा पडदा काढून कडा मऊ करण्याची माझी एक ॲक्शन होती, एक कळ दाबली की नऊ पायऱ्या आपोआप. त्या नऊ पायऱ्या मला आजही क्रमाने आठवत नाहीत. आणि हे कोणाला सांगायला जावं तर म्हणतात, फायली आहेत ना? मग काय गेलं?

त्यामुळे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज दहाचा सपोर्ट संपणार म्हटल्यावर पोटात गोळा आला. दिवाळी उरकली की तुळशीची लग्नं, त्यानंतर माझं जेवण उभ्याने. जे करायचं ते मधल्या आठवड्यात करायचं होतं. चटई छापणाऱ्या एका ओळखीच्याने हे दुकान सांगितलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन जिना चढले.

पहिलं आवडलेलं सांगते. मशीन नुसती ठेवून घेतली नाही. त्या पोराने आधी ती चालू केली, मला खुर्ची दिली आणि म्हणाला, "सकाळी आल्यावर पहिल्यांदा काय उघडता, ते करून दाखवा की." मला वाटलं टाइमपास करतोय. मी कोरल उघडलं, कालची पत्रिका उघडली, फॉन्ट बदलला, प्रिंट दिली. तो शेजारी बसून शंभर पानी वहीत लिहीत होता. मधेच थांबवायचा. "हे काय दाबलं?" "हा कागदाचा साइज कुठून आला?" पत्रिकेच्या कार्डांचे साइज मी विंडोजच्या प्रिंटर सेटिंगमध्ये, प्रिंट सर्व्हरच्या प्रॉपर्टीत जाऊन स्वतः भरलेले आहेत, अकरा आहेत, नावं मराठीत. ते त्याने एकेक मिलिमीटरसकट उतरवून घेतले. पाऊण तास गेला. वहीची दोन पानं भरली.

मग फॉन्टचा विषय निघाला. मी ऐटीत सांगितलं, फॉन्ट सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये असतात, ते घे. तो म्हणाला, अर्धेच तिथं असतील. विंडोज दहाच्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांमध्ये फॉन्टवर राइट क्लिक करून नुसतं इन्स्टॉल म्हटलं, की तो फक्त आपल्या युजरच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये बसतो. सगळ्यांसाठी इन्स्टॉल म्हटलं तरच विंडोजच्या फोल्डरमध्ये जातो. ॲपडेटा मुळात लपवलेला असतो, त्यामुळे कॉपी करणाऱ्याला दिसतही नाही. उघडून दाखवलं. माझे तेलुगूचे झाडून सगळे फॉन्ट तिथं. मागल्या वेळी काय झालं होतं आणि या वेळी काय होणार होतं, दोन्ही एकदम डोळ्यापुढं आलं.

मी विचारलं, विंडोजचं स्वतःचं बॅकअप ॲप आहे ना, जाहिरात सारखी येते, त्याने होत नाही का? त्याने दोन वाक्यांत उडवलं, पण बरोबर उडवलं. ते ॲप वायफायचे पासवर्ड, भाषा, वॉलपेपर, काही आवडीनिवडी आणि ॲपची यादी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवतं. यादी ठेवतं, ॲप नाही. कोरलसारखा प्रोग्राम परत आपणच घालायचा. आणि फायलींसाठी वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन कपाटात, फुकटात पाच जीबी. माझं एका लग्नसराईचं काम त्याच्या कितीतरी पट असतं. घरी मेल बघणाऱ्याला, फोटो ठेवणाऱ्याला ते पुरेल. माझ्यासारख्याला नाही.

मग त्याने केलं काय? आधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, माझ्या बाहेरच्या डिस्कवर. म्हणजे उद्या काही बिघडलं तर मशीन कालच्यासारखी उभी करता येते. त्याशिवाय सुटं सामान वेगळ्या फोल्डरमध्ये: दोन्ही ठिकाणचे फॉन्ट, कोरलचा वर्कस्पेस, म्हणजे टूलबारची मांडणी, एक्सपोर्ट करून, फोटोशॉपच्या ॲक्शन फाइल म्हणून सेव्ह करून, ब्राउझरचे बुकमार्क. पासवर्डचं त्याने नीट समजावलं. ब्राउझरचं फोल्डर नुसतं उचलून दुसऱ्या विंडोजमध्ये टाकलं तर बुकमार्क दिसतात, पासवर्ड नाही, कारण ते त्या विंडोजच्या खात्याला बांधून कुलूपबंद केलेले असतात. ते ब्राउझरमधून वेगळे एक्सपोर्ट करावे लागतात. याच पासवर्डवरून पुढे माझं डोकं फिरलं, ते येतंच.

माझी मशीन २०१९ ची, आठव्या पिढीचा आय फाइव्ह प्रोसेसर, म्हणजे विंडोज अकराच्या यादीत कशीबशी आत. पण अकराला लागणारं टीपीएम, म्हणजे सुरक्षेची चिप, बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) बंद होतं आणि डिस्कचे भाग जुन्या एमबीआर पद्धतीने पाडलेले होते. सिक्युअर बूटला, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सुरक्षा तपासणीला, नवी जीपीटी पद्धत लागते. इथंच पुष्कळ जण 'फॉरमॅट मारावं लागेल' म्हणून मोकळे होतात. डिस्क न पुसता ती पद्धत बदलायचं साधन विंडोज दहामध्येच आहे. याने ते वापरलं, पण इमेज घेऊन झाल्यावर. मग जुन्यावरच नवं चढवलं, फायली आणि प्रोग्राम जागेवर ठेवून. असं केलं की जुनं विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये दहा दिवस राहतं आणि नाही पटलं तर मागं जाता येतं. दहा दिवस मला कमी वाटले. त्याने एक कमांड देऊन साठ केले. साठच्या वर जात नाही म्हणाला.

आता तक्रारी.

रविवारी देतो म्हणून सांगितलं, मंगळवारी मिळाली. सोमवारी दिवसभर फोन उचलला नाही. माझ्याकडे तीन पत्रिका अडकलेल्या, एका नवरीचे वडील दुकानाच्या पायरीवर येऊन बसलेले. उशीर होतोय एवढं तरी सांगावं की. त्यात सोमवारी आमच्याकडे पाणी यायचा दिवस, म्हणजे मला उठून नवी पेठेत जायची पण सोय नाही.

दुसरी तक्रार जास्त मोठी. घरी आणल्यावर मी डाउनलोड फोल्डर उघडलं तर तिथं पासवर्डची एक्सपोर्ट केलेली फाइल तशीच पडलेली. उघडी, साध्या अक्षरांत. बँक, वीजबिल, मेल, सगळं ओळीने. माझ्याकडे कामाला येणारी पोरगी चुकून ती प्रिंट काढून बसली असती. मी मशीन बंद केली आणि तडक परत गेले. पोराचा चेहरा उतरला. बाहेरच्या डिस्कवरची प्रत पण त्याने माझ्यासमोर पुसली, दुकानाच्या मशीनवर नाही ना ते शोधून दाखवलं, अठराशेतले तीनशे परत केले. मी घेतले. चूक कबूल केली म्हणून चूक छोटी होत नाही. रात्री बसून बँकेचा आणि मेलचा पासवर्ड बदलला. तुम्ही कुठंही मशीन दिलीत तर परत आल्यावर पहिल्यांदा ही फाइल शोधा.

तिसरं बारीक आहे. सेटिंगच्या पडद्यांचे फोटो तो स्वतःच्या मोबाइलवर काढतो. माझ्या मोबाइलवर काढ म्हटलं तर लगेच काढले, पण म्हणावं लागलं.

मंगळवारी मशीन न्यायला गेले तेव्हा त्याने पैसे मागायच्या आधी वही उघडली आणि म्हणाला, "बसा, आता परत तेच करून दाखवा." मी पिशवीतून पेन ड्राइव्ह काढला. त्यात मुद्दाम २०१६ ची एक पत्रिका नेली होती, तीन भाषांची, वर गणपती, खाली दोन्हीकडच्या काका-मामांची रांग. उघडली. मराठी जागेवर. पान उलटलं, तेलुगू जागेवर, जोडाक्षरांसकट. कन्नडात एका ठिकाणी चौकोन दिसला. तो फॉन्ट माझ्याकडे आधीपासूनच नव्हता, हे मागाहून आठवलं. त्याला उगीच बोलले.

सगळंच काही राहिलं नाही. प्रिंटरचा ड्रायव्हर नवा बसला आणि त्यात मी ठेवलेली जाड कार्डाची सेटिंग गेली. वहीत लिहिलेली होती, पाच मिनिटांत भरली. टास्कबार मी इतकी वर्षं डाव्या कडेला उभा ठेवत होते. मला मिळालेल्या विंडोज अकरात तो खालीच राहतो. राइट क्लिकचा जुना मेनू आणखी एका क्लिकच्या आड गेलाय. त्याला त्या पोराचा इलाज नव्हता. दोन आठवडे माझा हात रिकाम्या डाव्या कडेला जात राहिला.

वहीची ती दोन पानं मी झेरॉक्स करून मागून घेतली आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीत.

दुकानातली दुसरी मशीन सहाव्या पिढीची, विंडोज अकराच्या यादीत नाही. आडवाटेने घालता येतं असं ऐकलं होतं, पण त्याने नाही म्हटलं. त्याऐवजी विंडोज दहाच्या वाढीव सुरक्षा अपडेटला नाव नोंदवून दिलं, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. सेटिंगचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यात चालू ठेवला तर त्याचे पैसे पडत नाहीत. मघाशी ज्या ॲपला नावं ठेवली ते इथं कामाला आलं. या कामाचे त्याने वेगळे पैसे घेतले नाहीत. पुढच्या दिवाळीआधी ती मशीन बदलायची झाली तर फॉन्ट हलवायला त्याच्याकडेच जाईन. तोवर त्या जिन्याला कठडा बसवला तर बरं होईल.