मंगळवारी बाजारातील तलावाची बारीक मासोळी

नागपूरच्या बाजारात दिसणारी मासळी बहुतांशी बर्फाच्या पेट्यांतून आलेली असते. आंध्रातील तळ्यांत वाढवलेले रोहू आणि कटला तर बारा महिने मिळतात. त्यामुळे सदर भागातील ‘मंगळवारी’ नावाच्या बाजारात, मासळीच्या ओळीच्या अगदी टोकाला बसणाऱ्या मावशींच्या दुकानाची मी होळीपासूनच वाट पाहू लागतो. उन्हाळ्याच्या तोंडावर भंडारा-गोंदियाकडील मालगुजारी (मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातील) तलावांचे पाणी ओसरते, ढीवरांची (तिथल्या मासेमारांची) जाळी काठालगतच्या उथळ पाण्यात पडू लागतात आणि तिथली बोटभर लांबीची देशी मासोळी व झिंगे पहाटेच्या गाडीने या दुकानात येतात. हा माल वैशाखापर्यंतच टिकतो.

ओल्या गोणपाटावर मासोळीचा ढीग असतो आणि त्यात तलावातील शेवाळाचा एखादा तंतू अडकलेला दिसतो. मासोळीचे अंग चकचकीत, डोळे स्वच्छ आणि कल्ले तांबडे असतात. झिंगे तर सकाळी सातच्या सुमारास टोपलीत उड्या मारत असतात. माल कोणत्या तलावाचा, हे विचारल्याशिवायच सांगितले जाते, आणि आदल्या दिवशीचा उरलेला असेल तर तो वेगळ्या टोपलीत, कमी भावाने ठेवलेला असतो. याच शहरात एका विक्रेत्याने मला ताज्या मासोळीखाली शिळी घालून दिली होती, म्हणून या वेगळ्या टोपलीचे मोल मला फार वाटते. केंद्र सरकारने 2000 साली बंदी घातलेला आफ्रिकन मांगूर मासा इथे औषधालाही सापडत नाही.

‘काटे फार’ म्हणून ही मासोळी नाकारणारी गिऱ्हाइके मी रोज पाहतो आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. अमेरिकेच्या उत्तरेकडील सुपीरियर सरोवराकाठी वसंतात बर्फ वितळले, की स्मेल्ट नावाचा वीतभर चंदेरी मासा अंडी घालण्यासाठी रात्री नद्यांच्या मुखांशी चढतो. लोक थंडीत कुडकुडत लांब दांड्याच्या जाळ्यांनी तो उपसतात आणि पिठात घोळवून काट्यांसकट तळून खातात. तो तिथला मूळचा मासाही नव्हे. 1912 साली मिशिगनमधील क्रिस्टल तळ्यात सोडलेल्या स्मेल्टपासून तो त्या महासरोवरांत पसरला. बाहेरून आलेल्या माशाच्या हंगामाचे तिथे एवढे कौतुक होत असेल, तर कोहळी समाजाने धानासाठी बांधलेल्या आपल्या तलावांत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या मासोळीला आपण काट्यांसाठी का टाकावे? बारीक मासोळी काट्यांसकट खायची असते आणि तिचे कॅल्शियम त्या काट्यांतच असते. मोला या जातीत तर जीवनसत्त्व अ विपुल असून ते मुख्यतः डोळ्यांत आणि पोटातील भागात साठलेले असते, म्हणून तिचे डोके काढू नये.

मोठी मासोळी साफ करून मिळते, बारीक मात्र घरीच करावी लागते. अंगठ्याने पोट दाबून घाण काढायची आणि मीठ व राख लावून पाट्यावर घासायची, ही रीत मावशी नवख्या गिऱ्हाइकाला स्वतः करून दाखवतात. आमच्या घरी ती ज्वारीच्या पिठात घोळवून जवसाच्या तेलात कडक तळतात. झिंग्यांना कैरी, सावजी मसाला आणि वरून भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, लागतो.

दोन उणिवा सांगितल्या पाहिजेत. मासोळी पाण्यातून काढून नीट निथळू न देता तोलली जाते, त्यामुळे वजनात पाण्याचे पैसे जातात. निथळून तोला म्हटले तर मावशी ऐकतात, पण ते आपल्याला म्हणावे लागते. दुसरे, भावाचा फलक नाही आणि आवक कमी असलेल्या दिवशी झिंग्यांचा भाव एकदम चढतो. रोहूच्या तुलनेत हा माल महागच पडतो, तरी ताजेपणाकडे पाहता मला तो भाव रास्त वाटतो.

रविवारी साडेआठनंतर काही उरत नाही, म्हणून लवकर जावे आणि झाकणाचा डबा सोबत न्यावा. मृगाचा पाऊस झाला, की हीच मासोळी पोटात अंडी घेऊन ओढ्यांतून आणि धानाच्या बांध्यांतून वर चढू लागते. चढणीची मासोळी इतरत्र सर्रास विकली जाते. मावशी ती आणत नाहीत, कितीही भाव देऊ केला तरी आणत नाहीत, आणि माझ्या मते त्यांचे हे अगदी बरोबर आहे.