गुप्तधनाचं नाटक: वडशाची कंपनी की गावची दंडार?

यंदाच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावच्या जत्रेला, गुप्तधनाचं नाटक ठेवायचं मंडळात ठरलं असेल, तर वाद एवढ्यावरच अडतो: गडचिरोलीतल्या वडशाहून नाटक कंपनी आणायची की गावच्या पोरांची दंडार, म्हणजे गावातलं लोकनाट्य, बसवायची? गोष्ट दोन्हीकडे सारखीच. जमिनीखालचं दिसणारा पायाळू, मुळ्यापाल्याचं अंजन घोटणारा वैदू, आणि एकाच हंड्यावर टपलेल्या दोन टोळ्या.

कंपनीचं नाटक म्हणजे भरगच्च रात्र. दिवाळी ते होळी झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांचा, हंगाम चालतो आणि लोक पहाटेपर्यंत उठत नाहीत. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती या रंगभूमीच्या कसाला मिळालेली दाद आहे. अंजन डोळ्यांत जाताच दिवे बदलणार, मागचा पडदा सरकणार, हंडा झळकणार. पोरं श्वास रोखून बघतील. तिकीट लावलं की आजूबाजूची गावंही येतात, म्हणून मंडळाला पैसा उभा करायचा असेल तर कंपनीच बरी. पण गाणी आणि विनोदी प्रवेश वाढत गेले की दोन टोळ्यांची चुरस मधेच सैल पडते.

दंडारीत देखावा नाही, बाईचं कामही पुरुषच लुगडं नेसून करणार. म्हणून पायाळूला काय दिसतं ते त्याला बोलूनच दाखवावं लागतं: "पळसाच्या बुडाशी, हातभर खाली. मडक्याच्या गळ्याला मुळी गुंडाळली आहे." एवढ्यावर अख्खं आवार त्या पळसाखाली बघू लागतं. दिव्यांनी हे साधत नाही. वैदूच्या झोळीतून हिरडा, बेहडा, मुसळी निघते तेव्हा समोर बसलेली माणसं स्वतः जंगलात जाणारी असतात, खोटं लगेच पकडतात. म्हणून माझं मत दंडारीला.

काहीही निवडा, शेवट मात्र आधी वाचून घ्या. पायाळू लेकराला हंड्यापायी बळी द्यायला निघालेला मांत्रिक थोर ठरत असेल, तर ती संहिता परत करा. गुप्तधनाच्या नादात खरोखरच्या माणसांचे जीव गेले आहेत, आणि अशा अघोरी प्रकारांविरुद्ध राज्यात २०१३ पासून कायदा आहे. सापडलेलं धन घरी नेऊन सुखाने नांदणारा नायकही नको. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. उलट हाच प्रवेश रंगवा: दोन्ही टोळ्या भांडतायत आणि पायाळू पोरगी सरळ तहसीलच्या वाटेला लागते.

कंपनी ठरली तर तारीख लवकर धरा, भाऊबीजेनंतरच्या तारखांवर सगळ्याच गावांचा डोळा असतो. दंडार ठरली तर तालीम गणपतीतच सुरू करा. एकदा धान कापणीला आलं की संध्याकाळी कुणाचे हात मोकळे राहत नाहीत.